एचजीटीचं (बोट टोचून मीटरवर तपासलेल्या शुगरचं) रीडिंग थेट कॉम्प्युटरला जोडायचंय, पण ते नेमकं कोणाचं हे कॉम्प्युटरला कसं कळणार?

विश्रामबाग_सिस्टर (सांगली)

नमस्कार. सांगलीतल्या ६० खाटांच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी मेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. कॉम्प्युटरमधलं मला बेताचंच कळतं, पण हा विषय माझ्या वॉर्डाचा आहे म्हणून विचारतेय. जरा लांबेल.

आमच्याकडं दिवसाला ७०-८० एचजीटी होतात. उसाच्या हंगामात पायाच्या जखमा घेऊन येणारे वाढतात आणि आपल्याला शुगर आहे हे त्यातल्या कितीतरी जणांना इथं आल्यावरच कळतं. मीटरवर आलेला आकडा आधी सिस्टरच्या तळहातावर किंवा कापसाच्या पाकिटावर लिहिला जातो. तिथून केस पेपरवर, केस पेपरवरून वॉर्डच्या रजिस्टरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिलिंगची मुलगी रजिस्टर बघून तो कॉम्प्युटरला भरते. एकच आकडा चार वेळा लिहायचा.

मागच्या नोव्हेंबरात ७ आणि ८ नंबरच्या खाटांवर दोघंही पाटील होते. एक पलूसकडचे, एक तासगावकडचे, दोघंही साठीच्या पुढचे. पहाटे साडेपाचला नाइटच्या सिस्टरनं दोघांचं एचजीटी केलं. एकाचं २८७, दुसऱ्याचं ११२. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातून हाक आली, ती धावली, आणि परत येऊन हातावरचे आकडे उतरवताना ते उलटे पडले. आरएमओंनी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, स्लायडिंग स्केलप्रमाणं (शुगरच्या आकड्यावरून इन्सुलिन ठरवायचा तक्ता) ८ युनिट इन्सुलिन सांगितलं, ते ११२ वाल्या आबांना गेलं. सातला मी ड्युटीवर आले तेव्हा आबा घामानं चिंब भिजले होते, जीभ जड झाली होती. एचजीटी ४८. २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं तसे भानावर आले. दुपारी त्यांच्या सुनेनं विचारलं, "सिस्टर, सकाळी आबांना काय झालं होतं?" मी जे झालं ते सांगितलं. ती काहीच बोलली नाही, नुसती आबांच्या पायाशी जाऊन बसली. त्या रात्री माझी सिस्टर एकटी ३० पेशंट बघत होती. तिला मेमो देऊन हा विषय मिटणार नाही, हे मी वरही सांगितलं.

आता मॅनेजमेंटनं मनावर घेतलंय. नवीन हॉस्पिटल सॉफ्टवेअर बसलंय आणि ब्लूटूथचे ग्लुकोमीटर घ्यायचं चाललंय. मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस दाखवायला आला होता. स्वतःचं बोट टोचलं आणि आकडा क्षणात त्याच्या मोबाइलवर आला. सगळे खूश. मी विचारलं, हा आकडा कोणाचा, हे मोबाइलला कसं कळलं? तो म्हणाला, ॲपमध्ये प्रोफाइल बदलायचं. म्हणजे ३० पेशंटची ३० प्रोफाइलं, तीही सिस्टरच्या स्वतःच्या मोबाइलवर, आणि पहाटे साडेपाचला त्यातल्या दोन पाटलांमधला बरोबर पाटील तिनं निवडायचा. मग माझ्या नोव्हेंबरच्या चुकीत काय बदललं? तळहाताच्या जागी मोबाइल आला, एवढंच.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. मीटर घ्यायच्या आधी मी काय विचारायला हवं? लाइट गेली, वायफाय गेलं तर रीडिंगचं काय होतं? आणि आमच्याएवढ्या हॉस्पिटलला हे झेपतं का?

कराड_इंटरफेस

ताई, तुम्ही विचारलेला पहिलाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी १२ वर्षं हॉस्पिटलची मशिनं सॉफ्टवेअरला जोडायचं काम करतो. आकडा वायरीतून किंवा हवेतून पोचवायला दोन दिवस लागतात. तो योग्य माणसाच्या फाइलला लावायला सहा महिने जातात.

तुम्हाला दाखवलेला मीटर घरी वापरायचा आहे. घरचा मीटर एकाच माणसाचा, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेलं असतं. ब्लूटूथनं तो पाठवतो काय? प्रत्येक तपासणीचा अनुक्रमांक, मीटरच्या घड्याळातली वेळ, आकडा आणि एकक. पेशंटचा नंबर त्या प्रमाणित निरोपात कुठं बसतच नाही. त्यामुळं कुणाचं हे ठरवायचं काम मोबाइलवर किंवा टॅबवर, म्हणजे परत सिस्टरवरच येतं.

हॉस्पिटलसाठीचे मीटर वेगळे असतात. त्यांनाच बारकोड वाचणारा डोळा असतो. सिस्टर आधी स्वतःचं ओळखपत्र वाचवते, मग स्ट्रिपची डबी, मग पेशंटच्या मनगटावरची पट्टी. पट्टी वाचली की पडद्यावर पेशंटचं नाव यायला हवं. हे नाव येणं फार महत्त्वाचं, कारण बारकोड सिस्टरला वाचता येत नाही, नाव येतं. ते येण्यासाठी ॲडमिशन, खाट बदलणं आणि डिस्चार्ज या तिन्हीची खबर तुमच्या सॉफ्टवेअरकडून मीटरच्या व्यवस्थेला सतत मिळावी लागते. मीटरवाले लोक रीडिंग पाठवण्याबद्दल भरभरून बोलतात, या उलट्या दिशेच्या खबरीबद्दल गप्प असतात. ती वेगळी मागून घ्या.

मीटर आणि हॉस्पिटल सॉफ्टवेअर यांच्या मध्ये एक सॉफ्टवेअर बसतं. मीटर वायफायनं किंवा चार्जिंगच्या डॉकवर ठेवल्यावर त्याच्याशी बोलतो आणि ते पुढं तुमच्या सिस्टिमला एचएल७ च्या, म्हणजे हॉस्पिटलची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात त्या ठरलेल्या भाषेत निरोप पाठवतं. मीटर ते मधलं सॉफ्टवेअर या टप्प्यासाठी पीओसीटी१-ए नावाचं मानक २००१ पासून आहे. कंपनीला विचारा, तुमचा मीटर ते पाळतो का, आणि पाळत असेल तर इंटरफेसचं डॉक्युमेंट (जोडणी कशी होते त्याचा लेखी तपशील) ऑर्डरच्या आधी द्या. "ऑर्डर झाल्यावर देतो" म्हणाले तर थांबा. एका ठिकाणी मीटर आले, डॉक आले, आणि मग कळलं की मधल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं आणि हॉस्पिटल सॉफ्टवेअरवाल्याचे जोडणीचे पैसे आणखी वेगळे. वर्षभर ते मीटर नुसते मीटर म्हणूनच वापरले गेले.

वायफाय गेलं तर चांगला मीटर रीडिंग पोटात ठेवतो आणि नंतर पाठवतो. त्यात एक मेख आहे. रीडिंग पहाटे साडेपाचचं आणि सर्व्हरला पोचलं सव्वाआठला, तर केस पेपरच्या स्क्रीनवर कोणती वेळ दिसते? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पोचल्याची वेळ दिसते. मग इन्सुलिन आधी दिलं आणि एचजीटी नंतर केलं असा उलटा क्रम तयार होतो. दाखवायला आलेल्या माणसासमोर वायफाय बंद करा, तीन तपासण्या करा, तासाभरानं चालू करा आणि काय दिसतं ते स्वतः बघा. मीटरचं घड्याळ मधल्या सॉफ्टवेअरकडून आपोआप जुळतं का, हेही बघा. घरच्या मीटरमध्ये सेल बदलला की पुष्कळदा तारीखच बदलते.

मिरज_लॅबवाला

कराडच्या दादांनी जोडणीचं सांगितलंय, मी लॅबच्या बाजूनं सांगतो. मिरजेत वीसेक वर्षं बायोकेमिस्ट्री बघतोय.

सिस्टर, मीटरची शुगर आणि लॅबची शुगर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही "ग्लुकोज" या एकाच नावाखाली, एकाच आलेखात टाकू देऊ नका. तपासण्यांची जी आंतरराष्ट्रीय कोडं आहेत, लॉइंक म्हणतात, त्यात प्लाझ्मा-सीरमच्या ग्लुकोजला २३४५-७ आहे आणि बोटाच्या रक्ताच्या ग्लुकोमीटरच्या ग्लुकोजला ४१६५३-७. कोड वेगळा ठेवला की डॉक्टरांना आकडा कुठून आलाय हे नेहमी दिसतं. याला कारण आहे. घरी वापरायच्या मीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकात १०० च्या खाली १५ मिलीग्रॅम आणि १०० पासून वर १५ टक्के इतका फरक चालतो, आणि तोही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे मीटरवरचे ६० खरे ४५ असू शकतात, खरे ७५ही असू शकतात. लॅबच्या रिपोर्टला मी एवढी सूट देणार नाही.

हिमोग्लोबिनचंही बघा. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण खूप कमी असेल तर बरेच मीटर शुगर वाढवून दाखवतात. आपल्याकडं सहा-सात हिमोग्लोबिनच्या बायका रोज ॲडमिट होतात. त्यांची शुगर खरंच उतरलेली असली तरी मीटर ती झाकू शकतो. प्रेशर उतरलेल्या, हातपाय गार पडलेल्या पेशंटमध्ये बोटाच्या रक्तावर विसंबूच नये. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांच्या द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन नावाचा घटक असेल तर जीडीएच-पीक्यूक्यू हे एन्झाइम वापरणाऱ्या स्ट्रिप त्याला ग्लुकोजच समजून खोटा मोठा आकडा देतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००९ मध्ये यावर इशारा दिला होता, त्यात मृत्यूंची नोंद होती. स्ट्रिप घेताना एन्झाइम कोणतं आहे ते डबीवर वाचा.

आता जोडणीतला एक बारकावा. माझ्या डोळ्यांदेखत घडलेला आहे म्हणून कळकळीनं सांगतो. मीटरच्या मर्यादेबाहेर शुगर गेली की तो आकडा देत नाही, "हाय" किंवा "लो" असं अक्षरांत दाखवतो. बऱ्याच मीटरमध्ये वरची हद्द ६०० असते. हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये शुगरचा रकाना फक्त आकडे घेणारा असेल तर हे अक्षरी उत्तर गपचूप फेकलं जातं. म्हणजे सगळ्यात धोक्यातला पेशंट तेवढा स्क्रीनवर कोरा दिसतो. एका वॉर्डात हे कितीतरी दिवस चाललं होतं, कारण कोऱ्या जागेवरून नजर नुसती पुढं सरकते. चाचणी करताना "हाय" आणि "लो" दोन्ही मुद्दाम पाठवून बघा, आणि ते लाल रंगात दिसतात याची खात्री करा.

वाई_फिजिशियन

लॅबवाल्यांच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. ६० खाटांना इतकं सगळं करायची खरंच गरज आहे का? एक टॅब, त्यावर वॉर्डची यादी, सिस्टरनं खाटेजवळ उभं राहून तिथंच आकडा भरायचा. हातावर लिहिणं बंद. ८० टक्के काम तिथंच होतं असं मला वाटतं. उरलेले पैसे रात्री आणखी एक सिस्टर ठेवायला वापरा.

विश्रामबाग_सिस्टर (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. "हाय" आणि "लो" चं वाचल्यावर मी लगेच आमच्या सॉफ्टवेअरच्या मुलाला बसवलं. शुगरच्या रकान्यात त्यानं अक्षरं टाकून बघितली, घेतच नाही. आत्तापर्यंत बिलिंगची मुलगी "हाय" दिसलं की रकाना मोकळा सोडत होती, तिनंच सांगितलं. तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं. मागच्या तीन महिन्यांची रजिस्टरं काढून बघितली, अशी ११ रीडिंगं निघाली. कॉम्प्युटरला त्यातलं एकही नाही.

वाईच्या डॉक्टरसाहेब, रात्री दुसरी सिस्टर हवीच आणि त्यासाठी मी भांडतेय. पण टॅबवरही सिस्टर यादीतून नाव निवडणार. आमच्या यादीत आज पाच पाटील, तीन जाधव, दोन मुल्ला आहेत. म्हणून पेशंटच्या अंगावर ओळख हवी, यादीत नको, असं माझं मत पक्कं होत चाललंय. माझं चुकत असेल तर सांगा.

एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीय, जी कुठलंही मशीन सांगणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं पेशंटच्या उशाशी द्राक्षांची पेटी असतेच, घरचे तासगावहून घेऊन येतात. द्राक्षं खाल्लेल्या किंवा गूळ धरलेल्या बोटावर शुगर तपासली की रीडिंग शंभरानं वर जातं. स्पिरिटचा बोळा फिरवून ते नीट जात नाही, पाण्यानंच हात धुवावे लागतात. पूर्वी अशी वेडीवाकडी रीडिंग आली की सिस्टर हात धुवून परत करायची आणि दुसरंच लिहायची, पहिलं रीडिंग कागदावर यायचंच नाही. आता मीटर दोन्ही पाठवणार. मग पहिल्याचं काय करायचं? पुसायचं म्हटलं तर नको ते रीडिंग पुसायची सवय लागेल. ठेवायचं म्हटलं तर आरएमओ मोठा आकडा बघून इन्सुलिन सांगतील.

आणखी एक. इमर्जन्सीत नंबर पडायच्या आधीच एचजीटी होतं. बेशुद्ध माणूस आला की आम्ही पहिलं तेच करतो. तेव्हा पट्टी कुठली आणणार?

कराड_इंटरफेस

पुसायचं अजिबात नाही, ताई. हॉस्पिटलच्या मीटरमध्ये रीडिंगला शेरा जोडायची सोय असते: "हात धुवून पुन्हा", "लॅबला पाठवलं", "डॉक्टरांना कळवलं". असे शेरे तुम्ही आधीच ठरवून भरून घ्यायचे, मराठीत नाही आले तरी चालतील, पण सात-आठच ठेवा. पहिलं रीडिंग शेऱ्यासकट फिकट रंगात राहतं, दुसरं ठळक दिसतं. तो शेरा एचएल७ च्या निरोपातून तुमच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो का ते तपासा. आकडा पोचतो आणि शेरा गळतो, असं पुष्कळदा होतं.

इमर्जन्सीसाठी आधीच छापलेल्या तात्पुरत्या नंबरांच्या पट्ट्यांचा गठ्ठा कॅज्युअल्टीत ठेवा. पेशंट आत आला की पट्टी बांधायची, मग एचजीटी. खरा नंबर पडल्यावर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नंबर एकत्र करायचे आणि तात्पुरत्या नंबरची रीडिंगं खऱ्यावर गेली का हे बघायचं. खाटेचा नंबर ओळख म्हणून कधीही वापरू नका. सकाळी ८ नंबरवर एक पेशंट, दुपारी दुसरा.

एवढं करूनही काही रीडिंगं कुणालाच चिकटत नाहीत. पट्टी ओली झाली, नंबर हातानं टाकताना चुकला, डिस्चार्ज टाकल्यावर एचजीटी झालं, अशी. मधल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची रांग साठत जाते. मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अडलं ते इथंच. पहिले १५ दिवस उत्साहानं रांग बघतात, मग कुणीच बघत नाही. ती रोज सकाळी कोण रिकामी करणार, ते लेखी ठरल्याशिवाय सुरू करू नका.

सिस्टरच्या ओळखपत्राचंही एक आहे. घाईत एकीचं कार्ड मीटरलाच चिकटवून ठेवतात आणि सगळ्या तेच वाचवतात. मग महिनाभर सगळी रीडिंगं एकाच सिस्टरच्या नावावर.

मिरज_लॅबवाला

क्वालिटी कंट्रोलचं राहिलं. हॉस्पिटलच्या मीटरला सांगता येतं, २४ तासांत कंट्रोलचं द्रावण (ज्यातली शुगर आधीच माहीत असते ते) तपासलं नसेल तर पेशंटची तपासणी करूच नको. ही अडवणूक चालू ठेवा. सुरुवातीला सिस्टर चिडतात, रात्री दोनला मीटर अडला की चिडणारच. म्हणून कंट्रोल संध्याकाळच्या ओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना चार्ज देण्याच्या, वेळी करायची पद्धत घाला, म्हणजे रात्रीत अडणार नाही. कंट्रोलच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. कंट्रोलचे आकडे लॅबला दिसायला हवेत, त्यावर सही लॅबची.

विश्रामबाग_सिस्टर (सांगली)

संध्याकाळच्या ओव्हरचं पटलं. आमच्याकडं आठला ओव्हर होतो, त्यात घालते.

काल मॅनेजमेंटबरोबर बसले होते. मोबाइल ॲपवालं मी सरळ नको म्हटलं. पेशंटची रीडिंगं सिस्टरच्या खाजगी फोनमधून कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरला जाणार, आणि वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा तर २०२३ लाच झालाय. सिस्टर नोकरी सोडून गेली की फोनही गेला, हे मॅनेजिंग डॉक्टरांना लगेच पटलं. सगळ्या वॉर्डांना एकदम नको, आधी आयसीयूच्या आठ खाटा आणि माझा वॉर्ड, असं ठरलं. चार मीटर. इंटरफेसचं डॉक्युमेंट आल्याशिवाय ऑर्डर नाही, हे मिनिट्समध्ये लिहून घेतलं. न चिकटलेल्या रीडिंगांची रांग रोज साडेआठला मी बघणार, माझ्या सुट्टीला आयसीयूची इन्चार्ज. शुगरचा रकाना सॉफ्टवेअरचा मुलगा बदलून देतोय, तोपर्यंत "हाय" आलं की आरएमओंना फोन आणि केस पेपरवर लाल पेननं.

सर्व्हर कुठं ठेवायचा यावर बराच वेळ गेला. त्यांनी तळमजल्यावरची स्टोअरची खोली काढली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच खोलीत कमरेएवढं पाणी होतं, आमची दहा वर्षांची रजिस्टरं तिथंच लगदा झाली. तेव्हा पेशंट वरच्या मजल्यावर हलवताना कुणाला कधी इन्सुलिन दिलंय हे आम्ही नातेवाइकांना विचारून लिहीत होतो. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या वर चाललं की आजही पोटात गोळा येतो. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर, इन्व्हर्टरच्या लाइनवर, हे मी हट्टानं करून घेतलं.

मनगटाच्या पट्ट्यांचे तीन नमुने सोमवारी येतायत. आमचे पेशंट शेतातले, हाताला घाम, वर आयव्हीची चिकटपट्टी, त्यात अंघोळीला गरम पाणी. तिन्ही पट्ट्या मी आणि दोन मावशी स्वतःच्या हाताला बांधून आठवडाभर धुणीभांडी करणार आहोत. आठव्या दिवशी ज्या पट्टीचा बारकोड पहिल्या फटक्यात वाचला जाईल ती घ्यायची. कुणाला एखादी टिकाऊ पट्टी माहीत असेल तर रविवारपर्यंत सांगा, तीही बांधून बघते.